ऐकू येणे आणि ऐकणे

(आवाजाच्या साहाय्याने कानाला वळण लावण्याच्या एका उपचारपद्धतीची माहिती या पाठात दिली आहे. ही पद्धत कशी सुरू झाली आणि तपासणीत ती कितपत टिकली, हे लेखकाने सोप्या भाषेत सांगितले आहे.)

सर वर्गात सांगतात, "वही काढा, तारीख लिहा आणि बाराव्या पानावरचे पहिले गणित सोडवा." सगळी मुले कामाला लागतात. एक मुलगा मात्र शेजाऱ्याच्या वहीत डोकावतो. त्याला फक्त 'वही काढा' एवढेच कळलेले असते. मग कोणी त्याला 'ढ' म्हणते, कोणी 'आळशी' म्हणते. पण तो खरोखरच ढ असतो का?

मुलांनो, ऐकू येणे आणि ऐकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आवाज कानात शिरला, की कानाचा पडदा थरथरतो. पडद्यामागची तीन चिमुकली हाडे ही थरथर आतल्या शंखासारख्या भागापर्यंत नेतात. तेथून मज्जातंतू तिचा संदेश मेंदूकडे पोहोचवतो. हे झाले ऐकू येणे. आलेल्या आवाजांतून हवा तो निवडणे, त्याचा अर्थ लावणे आणि तो लक्षात ठेवणे, हे मेंदूचे काम. हे झाले ऐकणे. म्हणून कान चांगला असूनही एखाद्याला ऐकणे जड जाऊ शकते.

तुमचेच उदाहरण घ्या. उर्दूत 'ळ' हा ध्वनी नाही. त्यामुळे सुरुवातीला 'काळ' आणि 'काल' हे शब्द तुम्हांला सारखेच वाटतात. कानाला फरक कळला नाही, तर जिभेला तो कसा साधणार? पुन्हा पुन्हा ऐकल्यावर मात्र कान सरावतो आणि मग जीभही वळते.

कान आणि वाणी यांचे हेच नाते फ्रान्समधील एका डॉक्टरांच्या ध्यानात आले. त्यांचे नाव आल्फ्रेड तोमातीस. त्यांचा जन्म १९२० साली झाला. ते कान, नाक व घसा यांचे डॉक्टर होते आणि त्यांचे वडील ऑपेराचे गायक होते. त्यामुळे आवाज बिघडलेले गायक त्यांच्याकडे येत. दुसरीकडे, कारखान्यातील गोंगाटात काम करणाऱ्या कामगारांचे कानही ते तपासत. जे स्वर कानाला नीट ऐकू येत नाहीत, ते गळ्यातूनही नीट निघत नाहीत, असे मत त्यांनी मांडले.

पुढे त्यांनी 'इलेक्ट्रॉनिक कान' नावाचे यंत्र तयार केले. मुलाच्या कानांवर हेडफोन लावून ते त्याला मोझार्ट या संगीतकाराचे संगीत, ख्रिस्ती मठांतील प्रार्थनागीते आणि कधी कधी आईचा ध्वनिमुद्रित आवाज ऐकवत. यंत्र कधी जाड स्वर ठळक करी, तर कधी बारीक स्वर. या बदलामुळे कानातील स्नायूंना व्यायाम मिळतो, मुलाचे लक्ष लागू लागते आणि वाचनातील अडखळणे कमी होते, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रान्समधलेच दुसरे डॉक्टर गी बेरार यांनीही अशीच एक पद्धत काढली. तीत दहा दिवस, रोज दोन वेळा, अर्धा अर्धा तास बदललेले संगीत ऐकवतात. या पद्धती अनेक देशांत पसरल्या. पालकांनी मोठ्या आशेने त्यांवर पैसा खर्च केला.

पण कोणताही उपचार खरा की खोटा, हे आशेने ठरत नाही. त्यासाठी तपासणी करावी लागते. १९९६ साली ऑस्ट्रेलियातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात स्वमग्नता असलेली, म्हणजे इतरांशी बोलणे व मिसळणे जड जाणारी, ८० मुले होती. काहींना यंत्राने बदललेले संगीत ऐकवले आणि काहींना साधेच. नंतर पाहिले, तर दोन्ही गटांत सुधारणा सारखीच होती! म्हणजे ती यंत्राची करामत म्हणता येत नव्हती. १९९८ साली अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने जाहीर केले, की स्वमग्न मुलांसाठी बेरार यांच्या पद्धतीचा उपयोग सिद्ध झालेला नाही. २०११ साली दोन्ही पद्धतींवरचे सात प्रयोग एकत्र तपासले गेले. तेव्हाही खात्रीचा पुरावा मिळाला नाही. तोमातीस २००१ साली वारले, पण त्यांची पद्धत आजही काही ठिकाणी वापरली जाते.

मग त्या मागे पडणाऱ्या मुलाने काय करावे? प्रथम डॉक्टरांकडून कान तपासून घ्यावेत. कानात मळ साठल्याने किंवा पडद्यामागे पाणी झाल्यानेही कमी ऐकू येते आणि त्यावर उपचार होतात. कानात काडी किंवा पिन मात्र कधीही घालू नये. कान चांगले असूनही अडचण राहिली, तर तज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. अशा मुलाला पुढच्या बाकावर बसवावे. त्याला एका वेळी एकच सूचना द्यावी आणि ती त्याच्याकडून वदवून घ्यावी. शक्य असेल तेव्हा वर्गातला गोंगाट कमी करावा. यासाठी कोणतेही महागडे यंत्र लागत नाही.

संगीत जरूर ऐकावे, त्याने मन प्रसन्न होते. पण शेजारच्या मित्राला सूचना कळली नसेल, तर त्याला हसू नका. ती हळू आवाजात त्याला पुन्हा सांगा. त्याला 'ढ' म्हणण्याआधी, आपण त्याचे कधी नीट ऐकले आहे का, हेही स्वतःला विचारा.

स्वाध्याय

१. ऐकू येणे आणि ऐकणे यांत कोणता फरक आहे?
२. तोमातीस यांनी कोणते मत मांडले?
३. ऑस्ट्रेलियातील अभ्यासात मुलांचे दोन गट का केले असावेत?
४. वाक्यांत उपयोग करा : कान देणे, कानावर येणे, कानाडोळा करणे.
५. 'ळ' असलेले दहा शब्द मोठ्याने वाचा व लिहा.