टॅब लॉक, डोकं ब्लॉक!

पासवर्ड विसरला की 'रिसेट मार ना यार' असा सल्ला फुकटात मिळतो. पण रिसेटनंतर काय उरतं, काय जातं आणि मग पुढे कुठे घोडं अडतं? नंदुरबारच्या एका टॅबची ही गोष्ट, तुमच्याही कामाची!

ऑफिसच्या मेलचा एक, बँकेचा एक, रेल्वे तिकिटाचा एक, वीजबिलाचा एक आणि लॅपटॉपचा एक. जरा बोटांवर मोजून बघा, तुमच्याकडे किती पासवर्ड आहेत? दोन्ही हातांची बोटं संपली ना? आता शेवटचा प्रश्न. घरातल्या कपाटात पडलेल्या जुन्या टॅबचा पिन काय होता?

बघा, डोकं खाजवायला लागलात!

टेन्शन घेऊ नका, विसरणारे तुम्ही एकटे नाही. ज्यांच्यामुळे ही भानगड सुरू झाली, ते अमेरिकेतले फर्नांडो कॉर्बाटो. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला एमआयटीमध्ये एकच कॉम्प्युटर अनेकजण वापरायचे. प्रत्येकाच्या फाइल्स वेगळ्या राहाव्यात म्हणून कॉर्बाटोंनी पासवर्डची आयडिया वापरली. पुढे म्हातारपणी एका मुलाखतीत त्यांनीच कबूल केलं, की या प्रकाराचं आता दुःस्वप्न झालंय. घ्या!

धडगावचा टॅब

माझी मावसबहीण धडगाव तालुक्यात जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. मी पेपरात गॅजेट्सवर लिहिते, म्हणजे मला सगळं 'दुरुस्त' करता येतं, असा आमच्या नात्यात एक गोड गैरसमज आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर ताईचा फोन आला.

"अगं, टॅब पिन मागतोय. मी तर रोज बोटानंच उघडायचे."

टॅब तिचा स्वतःचा, पगारातून घेतलेला. पण त्यात होतं काय, ते ऐका. नंदुरबार जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोक आदिवासी आहेत. धडगावकडची पहिलीतली पोरं घरी पावरी नाहीतर भिली बोलतात आणि शाळेत आल्यावर त्यांच्यासमोर एकदम प्रमाण मराठी येते. ताईनं यावर एक साधा उपाय काढला होता. पाड्यावरच्या आज्यांना बसवून त्यांच्या बोलीतल्या गोष्टी तिनं टॅबवर रेकॉर्ड केल्या. आधी गोष्ट घरच्या भाषेत ऐकायची, मग तीच मराठीत सांगायची. पोरं खुलायची. दीड वर्षाची मेहनत होती ती. आणि त्यातल्या एक आजी त्याच पावसाळ्यात वारल्या होत्या.

म्हणजे 'रिसेट मार ना' इतकं सोपं नव्हतंच.

बोट आहे, मग पिन कशाला?

रोज बोट लावून उघडणारा टॅब अचानक पिन का मागतो? यामागे साधा फंडा आहे. टॅब बंद होऊन पुन्हा सुरू झाला, की पहिल्यांदा पिन किंवा पॅटर्न द्यावाच लागतो. त्याशिवाय बोटाचा ठसा चालतच नाही. एरवीही पिन न टाकता बरेच तास झाले, की अँड्रॉइड तो एकदा विचारून घेतं. साधारण ७२ तास ही त्याची नेहमीची मर्यादा.

ताईचा टॅब सुट्टीभर कपाटात होता. बॅटरी उतरली, टॅब बंद पडला. सातपुड्यात वीज गेली की कधी येईल याचा भरवसा नसतो, तिथे हे कोणाच्याही बाबतीत होऊ शकतं. मुंबई-पुण्यात लोकांकडे पॉवर बँका असतात, पण पिन विसरण्यात आपण सगळे सारखेच.

मग अंदाज सुरू झाले. लग्नाची तारीख, मुलाचा वाढदिवस, शाळेच्या पटावरची संख्या! चुका वाढल्या की टॅब आधी ३० सेकंद थांबवतो, मग आणखी जास्त वेळ. जुन्या अँड्रॉइडमध्ये, म्हणजे ४.४ पर्यंत, पाच चुकांनंतर 'पॅटर्न विसरलात?' असा पर्याय यायचा आणि गूगल खात्यानं आत जाता यायचं. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून तो गेला. आता पिन आठवा, नाहीतर सगळं पुसा.

रिसेट म्हणजे काय?

आम्ही दोघी शहाद्याला एका रिपेअरिंगवाल्याकडे गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "सॉफ्टवेअर मारून देतो ना मॅडम, अर्ध्या तासात." मी विचारलं, डेटा? तो हसला. "डेटा जाईल."

तो खरं बोलत होता. आजकालच्या टॅबमधला मजकूर कुलूपबंद सांकेतिक रूपात साठवलेला असतो. त्याची किल्ली तुमच्या पिनशी बांधलेली असते. फॅक्टरी रिसेट केलं की ती किल्लीच नष्ट होते. मग कितीही भारी सॉफ्टवेअर आणा, हाती काही लागत नाही. 'डेटा काढून देतो' म्हणून पैसे मागणाऱ्याला म्हणूनच लांबून नमस्कार करा.

ताई दोन दिवस थांबली. लॉक असेपर्यंत रेकॉर्डिंग आत तरी होतं, पिन कधी तरी आठवेल ही आशा होती. रिसेट म्हणजे तिनं स्वतःच्या हातानं ते पुसायचं. शेवटी ती म्हणाली, "बंद टॅब पोरांना काय गोष्ट सांगणार आहे?"

एक गोष्ट मात्र नशिबानं चांगली झाली. जुनी रेकॉर्डिंग्ज मेमरी कार्डात होती. रिसेटआधी कार्ड काढून घेतलं आणि दुसऱ्या मोबाईलमध्ये लावलं. सुरुवातीच्या सगळ्या गोष्टी वाजल्या, वारलेल्या आजींच्या दोन गोष्टीसुद्धा! कार्ड भरल्यानंतरचं रेकॉर्डिंग टॅबच्या पोटात होतं. ते गेलं.

खरी गोची पुढेच

रिसेट झालं, टॅब नव्यासारखा सुरू झाला आणि पडद्यावर प्रश्न आला: या टॅबवर आधी असलेलं गूगल खातं टाका.

हा चोरांसाठी लावलेला सापळा. २०१५ च्या अँड्रॉइड ५.१ पासून गूगलनं 'फॅक्टरी रिसेट प्रोटेक्शन' आणलं. टॅब चोरून रिसेट केला तरी जुन्या खात्याशिवाय तो उघडत नाही. २०२४ च्या अँड्रॉइड १५ मध्ये हा पहारा आणखी कडक झाला. आयपॅडवर असंच 'अ‍ॅक्टिव्हेशन लॉक' २०१३ पासून आहे.

पण आपल्याकडे गंमत वेगळीच असते. छोट्या गावांत टॅब घेतला की दुकानातला पोरगाच खातं उघडून देतो. आयडी त्याच्या मनाचा, पासवर्ड त्याच्या मनाचा. ताईच्या खात्याला तर रिकव्हरी नंबरही दुकानाचाच होता आणि तो नंबर केव्हाच बंद झालेला. म्हणजे टॅब तिचा, पैसे तिचे, किल्ली भलत्याकडे!

सुटका कशी झाली? बिलामुळे. तिनं बिल फाइलला लावून ठेवलं होतं. ते आणि ओळखपत्र घेऊन कंपनीचं अधिकृत सर्व्हिस सेंटर गाठलं, मालकी पटली आणि टॅब उघडून मिळाला. बिल नसतं तर टॅबचा पेपरवेट झाला असता.

टेंभलीचं बोट

तुम्ही म्हणाल, कशाला हवा पिन? बोट, डोळा, चेहरा आहे की! तर याच जिल्ह्यातली गोष्ट सांगते. शहादा तालुक्यातलं टेंभली गाव आठवतं? २९ सप्टेंबर २०१० रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी यांच्या उपस्थितीत देशातलं पहिलं आधार इथे दिलं गेलं, रंजना सोनवणे यांना. दहा बोटं, दोन डोळे, एक चेहरा आणि बारा आकडी नंबर. पाठ करायचा पासवर्ड नाही.

पण नंदुरबारच्या मिरची पथारीवर दिवसभर मिरच्यांची देठं खुडणाऱ्या बाईच्या बोटाकडे बघा. मेहनतीनं रेषा झिजल्या की मशिन ओळखायला नखरे करतं. शिवाय पासवर्ड फुटला तर बदलता येतो. बोटाचा ठसा फुटला तर नवं बोट कुठून आणणार? म्हणूनच आधारमध्येही बायोमेट्रिक लॉक करून ठेवायची सोय आहे. विसरता येणं ही पासवर्डची कटकट खरी, पण बदलता येणं ही त्याची ताकद.

हे वाचून झाल्यावर लगेच करा!

* टॅबमध्ये कुठलं गूगल खातं आहे ते सेटिंग्जमध्ये जाऊन बघा. ते तुमचं हवं, रिकव्हरी नंबर तुमचा चालू नंबर हवा. आईबाबांच्या टॅबचंही बघा.
* फोटो आणि रेकॉर्डिंगची दुसरी प्रत ठेवा. बॅकअप 'चालू असेल' असं समजू नका, उघडून बघा.
* पिन विसरलाच तर आधी मेमरी कार्ड बाहेर काढा. ते 'इंटर्नल स्टोरेज' म्हणून जोडलेलं असेल तर मात्र रिसेटनंतर वाचता येणार नाही.
* रिसेटसाठी टॅब पुरेसा चार्ज करा, बंद करा, पॉवर आणि आवाज वाढवायचं बटण एकत्र दाबून धरा. मेनू आला की आवाजाच्या बटणांनी खाली या, 'वाइप डेटा/फॅक्टरी रिसेट' निवडा. मॉडेलनुसार बटणं बदलतात. काही सॅमसंग टॅबना त्या वेळी कॉम्प्युटरची केबल जोडावी लागते.
* गूगलचा पासवर्ड नुकताच बदलला असेल तर रिसेटआधी २४ तास थांबा.
* टॅब ऑफिसचा किंवा सरकारी योजनेतला असेल तर स्वतः रिसेट करू नका. ज्यांनी दिला त्यांच्याकडेच न्या.
* सेकंडहँड घेताना आधीच्या मालकाला त्याचं खातं तुमच्यासमोर काढायला लावा.
* बिल जपून ठेवा, त्याचा फोटोही काढा. फक्त तो फोटो त्याच टॅबमध्ये ठेवू नका!

ताईनं पुन्हा रेकॉर्डिंग सुरू केलंय. या वेळी प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती असतात आणि पिन कागदावर लिहून घरच्या डब्यात ठेवलेला आहे. सिक्युरिटी एक्स्पर्ट्स नाकं मुरडतील, मुरडू देत. डबा फोडायला हॅकरला धडगावचा घाट चढावा लागेल!