केंद्रातून घरी आल्यावर
व्यसनमुक्ती केंद्रात दिवस बांधलेला असतो. उठणं, व्यायाम, गटचर्चा, जेवण सगळं वेळेवर, आणि भोवती त्याच वाटेवरची माणसं. घरी परतल्यावर संध्याकाळ होते आणि हाताला काही काम नसतं. जुने मित्र भेटायचे ते बारमध्येच. ती वाट बंद करावी लागते, नवी माणसं अजून जोडलेली नसतात. घरचे सोबत असतात खरे, पण उशीर झाला की तोंडाचा वास घेतला जातो, खिसे चाचपले जातात. त्यांना दोष देववत नाही, वर्षानुवर्षं त्यांनी सोसलेलं असतं. तरीही सतत नजरेखाली असलेला माणूस भरल्या घरात एकटा पडतो.

अशा वेळी ओढ उसळते. म्हणूनच भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चारांपासून जपायला सांगतात. दारू सोडलेल्यांना या एकटेपणात आधार देते ती अल्कोहोलिक्स अनॉनिमस, १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून उभी राहिलेली संघटना. तिच्या सभा महाराष्ट्रात मराठीतूनही भरतात. फी नसते, आडनाव सांगावं लागत नाही. पहिले काही महिने तरी सभा चुकवू नयेत, असं मला कळकळीनं वाटतं.

पाय घसरलाच तर लपवू नये, केंद्राला लगेच कळवावं. गर्द घेणाऱ्यांना तर धोका मोठा: शरीराची सवय मोडल्यामुळे पूर्वीचीच मात्रा जीव घेऊ शकते. व्यसनमुक्तीसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १४४४६ या क्रमांकावर आहे. तिथे घरचेही फोन करू शकतात.