माळवदाचा ढाळ

लाकडी सांगाड्यावर मातीचे थर देऊन केलेले सपाट छत म्हणजे माळवद. लातूर, धाराशिव, बीड, नांदेड या जिल्ह्यांतली जुनी घरे आणि वाडे प्रामुख्याने याच पद्धतीचे. लातूर-बार्शी रस्त्यावरच्या मुरुडसारख्या बाजारगावात माळवद, लोखंडी पत्रा आणि सिमेंटचा स्लॅब अशी तीन पिढ्यांची छते शेजारी-शेजारी दिसतात. तिन्ही छतांना पाऊस सारखाच लागतो. लातूर भागात वर्षाला सरासरी ७५० ते ८०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. कोकणात असे मातीचे छत एक पावसाळाही काढणार नाही. मराठवाड्यात ते टिकले, कारण पाऊस बेताचा आणि उन्हाळा कडक. मातीचा जाड थर वैशाखातही घर थंड ठेवतो. शिवाय धान्य वाळवायला, पापड-कुरडया घालायला आणि रात्री झोपायला वरची जागा मिळते.

माळवदाची रचना खालून वर पाहावी. खांबांवर तुळया, तुळयांवर आडव्या कड्या आणि कड्यांवर फळ्या किंवा लाकडाच्या चिरफळ्या दाटीने बसवलेल्या असतात. चार खांबांमधल्या जागेला खण म्हणतात आणि घर किती खणांचे, यावरून त्याचा आकार सांगितला जातो. लाकडावर तरवड, कडुनिंब अशा झाडाझुडपांचा पाला अंथरतात. त्यामुळे वरची माती फटींतून झरत नाही. पाल्यावर कालवलेल्या चिखलाचा थर येतो आणि सर्वांत वर पांढरी माती. उजेड यावा, धूर जावा म्हणून मध्ये साणे ठेवलेले असते. पावसाचे पाणी आत उतरू नये म्हणून त्याच्या कडा उंच करून घेतात.

यातली पांढरी माती महत्त्वाची. शेतातली काळी माती छताला चालत नाही. ती भिजली की फुगते, वाळली की आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पांढरी माती गावठाणाच्या जुन्या टेकाडातून किंवा ढासळलेल्या गढीतून आणतात. शेकडो वर्षांची राख, चुनखडी आणि पडक्या घरांचा चुरा तिच्यात मुरलेला असतो. ती फारशी फुगत नाही, पावसाने तिचा वरचा पापुद्रा दाट बसतो आणि पाणी मुरण्याऐवजी त्यावरून वाहते. हीच टेकाडे इतिहासाचीही कोठारे आहेत. मुरुडहून फार दूर नसलेल्या तेरच्या रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालयातल्या कितीतरी वस्तू त्या गावच्या अशाच पांढरीतून निघालेल्या आहेत.

माती कितीही चांगली असली तरी माळवद तरते ते ढाळावर. सपाट म्हटले जाणारे हे छत खरे तर सपाट नसते. साण्याकडून आणि मधल्या भागाकडून ते पन्हाळीच्या दिशेने उतरते घेतलेले असते. उतार इतका कमी असतो की तो नुसत्या नजरेला कळत नाही. घागरभर पाणी ओतले आणि ते न थांबता पन्हाळीपाशी पोचले, तर ढाळ बरोबर. कुठे थबकले, तर पावसाळ्यात त्याच जागेखाली छत ठिबकणार. ढाळ फार तीव्रही चालत नाही, कारण जोराने धावणारे पाणी सोबत माती घेऊन जाते.

छतावरचे सगळे पाणी ज्या एका तोंडातून बाहेर पडते, ती पन्हाळ. ती दगडाची, लाकडाची किंवा पत्र्याची असते. तिच्याकडून तीन गोष्टींची अपेक्षा असते. तिचे तोंड छताच्या सर्वांत खालच्या पातळीवर हवे. ती भिंतीच्या पुढे चांगली हातभर निघालेली हवी, म्हणजे धार भिंतीवर न पडता दूर पडते. आणि धार पडते तिथे जमिनीवर दगडी फरशी हवी, नाहीतर पायाशी खड्डा होऊन पाणी पायातच जिरते. माळवदाच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या तीनांपैकी एकात सापडते. दरवर्षी छतावर माती पडत जाते आणि छताची पातळी वाढते, पण पन्हाळ जुन्या जागीच राहते. मग ती खळग्यात जाऊन गाळाने भरते. पन्हाळीभोवतीची माती सुटली की पाणी पन्हाळीतून न जाता तिच्या खालून भिंतीत शिरते. मातीत बांधलेल्या दगडी भिंतीतला गारा तिथून हळूहळू धुपत जातो. भिंतीत बसवलेली तुळयांची टोके ओली राहून कुजतात आणि वाळवीला वाट मिळते. खोलीत पाणी ठिबकताना दिसले की माणूस जागा होतो. भिंतीत मुरणारे पाणी मात्र वर्षानुवर्षे कुणाच्या लक्षात येत नाही, म्हणून ते अधिक घातक.

माळवदाची वार्षिक निगा रोहिणी नक्षत्रात, म्हणजे मृगाच्या आधी उरकायची असते. पहिले काम गवताचे. हरळी आणि कुंदा मुळासकट उपटावे लागतात. नुसते कापले तर मुळे मातीत राहतात आणि ती कुजली की त्यांच्या पोकळीतून पाणी उतरते. पिंपळाचे रोप दिसले तर ते त्याच वर्षी काढावे, कारण पुढे त्याची मुळे भिंत फोडतात. त्यानंतर भेगा आणि उंदीर-घुशींची बिळे खोलवर उकरून ओल्या मातीने ठासून भरतात. मग पाणी ओतून ढाळ तपासतात, पन्हाळ मोकळी करतात आणि शेवटी जिथे माती वाहून गेली असेल तिथेच पांढरीचा पातळ थर देऊन चोपतात. पहिल्या सरीनंतर पुन्हा एकदा वर जाऊन पाहणे हाही या कामाचाच भाग. ओल्या छतावर पाणी कुठे साचते ते तेव्हा स्पष्ट दिसते.

हा क्रम मोडला की माळवदाचा खरा धोका सुरू होतो. गळती दिसली की तिथे माती टाकणे हा सर्वांत सोपा उपाय. ढाळ मोजायचा नाही, पन्हाळ उचलायची नाही, जुना थर खरवडायचा नाही, फक्त वरून माती टाकायची. एक सेंटिमीटर मातीचे वजन दर चौरस मीटरला साधारण १६ किलो भरते. दरवर्षी निव्वळ अर्धा सेंटिमीटर माती साठत गेली, तर ६० वर्षांत ३० सेंटिमीटर होते आणि दर चौरस मीटरला सुमारे ४८० किलो भार येतो. वीस चौरस मीटरच्या एका खोलीवर हा भार साडेनऊ टनांहून जास्त. भिजल्यावर तो आणखी वाढतो. १२ सेंटिमीटर जाडीचा सिमेंटचा स्लॅब चौरस मीटरला सुमारे ३०० किलोचा असतो, हे पाहिले म्हणजे या मातीचे ओझे ध्यानात येते.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या ढिगाऱ्याखाली गेली. या भागातल्या घरांच्या दगडी भिंती दोन पदरी आणि मातीत रचलेल्या होत्या. दोन्ही पदर बांधून ठेवणारे आरपार दगड बहुतेक भिंतींत नव्हते. वर अर्धा मीटर आणि कुठे त्याहून जाड मातीची छते होती. जिथे खांब आणि तुळयांचा सांगाडा शाबूत आणि नीट जोडलेला होता, तिथे काही छते त्यावर तोलून राहिली, भिंती मात्र पडल्या. भूकंपाचा दोष पन्हाळीला देता येत नाही. पण वर्षानुवर्षे पाण्याने पोकळ झालेली भिंत आणि गळतीवर टाकत गेलेल्या मातीचे छत, ही दोन्ही बिघडलेल्या निचऱ्याचीच फळे होती.

भूकंपानंतरही उभ्या असलेल्या जुन्या घरांच्या मजबुतीकरणासाठी जे मार्गदर्शन झाले, त्यात छतावरची जादा माती उतरवणे हा एक मुख्य उपाय होता. मातीचा थर सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत आणावा, पाणी अडवायला मातीत प्लॅस्टिकचा कागद घालावा, खांब-तुळयांना तिरके आधार द्यावेत आणि भिंतींत आरपार दगड बसवावेत, असा तो सल्ला. पण लोकांच्या मनातून माळवद उतरले होते. पुनर्वसनाच्या गावांत सिमेंटची घरे आली, इतरत्र पत्रे आले. पत्रा हलका असतो, पण उन्हाळ्यात त्याखाली बसवत नाही. काही ठिकाणी जुन्या माळवदावरच पत्रा टाकला जातो. त्याने गळती थांबते, पण भार तसाच राहतो आणि छत झाकले गेल्याने त्याची पाहणीही बंद होते.

स्लॅबने पाण्याचा प्रश्न सुटला, असा समज गावोगाव पसरला. प्रत्यक्षात स्लॅबलाही ढाळ लागतो, तो निदान शंभरास एक. ताशी १०० मिलिमीटरच्या वेगाने पाऊस धरला, तर १०० मिलिमीटर व्यासाचा उभा नळ सुमारे ४० चौरस मीटर छताचेच पाणी वाहून नेऊ शकतो. तरीही मोठ्या गच्चीला एकच नळ दिलेला सर्रास दिसतो. त्याच्या तोंडाला जाळी नसते, किंवा जाळी पाल्याने बुजलेली असते. कठडा आणि गच्ची यांच्या कोपऱ्यात गोलसर वाटा नसला की तिथूनच पाणी आत जाते. सळई गंजते, फुगते आणि छताचे पोपडे पडू लागतात. यावर उपाय म्हणून जुन्या कोब्यावर नवा कोबा घातला जातो, तोही गळू लागला की आणखी एक. नळाचे तोंड तेवढे खोल जाते, भार तेवढा वाढतो. माळवदावर मातीने जे झाले, तेच गच्चीवर सिमेंटने होत आहे.

छतावरून उतरणारे पाणी वाया घालवणे या भागाला परवडणारे नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीच्या १० वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होते. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर सरासरी पावसात ७५ हजार लिटर पाणी पडते. पाचवा हिस्सा वाया गेला असे धरले तरी ६० हजार उरते, म्हणजे एका वाघिणीहून जास्त. पहिल्या सरीचे पाणी सोडून देऊन बाकीचे हौदात किंवा विंधन विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात घेता येते. त्यासाठीही आधी ढाळ आणि नळ ठीक असावे लागतात.

म्हणून जुन्या सपाट छताच्या प्रत्येक मालकाने मृगाआधी एकदा वर चढावे. पाणी ओतून ढाळ पाहावा, पन्हाळ किंवा नळ मोकळा करावा, भिंतीच्या पायाशी पाणी कुठे पडते ते तपासावे. गळती असेल तर नवा थर टाकण्याआधी जुना थर काढावा. पाणी बाहेर जाण्याची वाट दुरुस्त केल्याशिवाय छतावर एक घमेलेही माती किंवा सिमेंट चढवू नये.