केबल घेण्यापूर्वी स्पीकरची पाठ पाहा

दुकानाच्या जाहिरातींचे ध्वनिमुद्रण घरीच करावे म्हणून आम्ही दोन स्टुडिओ स्पीकर आणले. ॲम्प्लिफायर त्यांच्या आतच असतो. विक्रेत्याने संगणकासाठी महागडी ऑप्टिकल केबल गळ्यात मारली. घरी येऊन पाहतो तो स्पीकरला ती लावायला जागाच नाही!

तोशिबाने १९८३ साली आणलेल्या या जोडणीतून आवाज नव्हे, तर प्रकाशाच्या रूपाने आकडे जातात. बहुतेक स्टुडिओ स्पीकरना मात्र ॲनालॉग विद्युत संदेश लागतो. मध्ये दुभाष्या हवा. त्याला ‘डॅक’ म्हणतात. डिजिटल इनपुट असलेल्या स्पीकरना तो लागत नाही.

डॅक आवाजाचे बटण असलेलाच घ्यावा. त्यातून दोन्ही स्पीकरना एकेक केबल द्यावी आणि संगणकात स्टीरिओ पीसीएम निवडावे. स्पीकर सर्वांत शेवटी सुरू करावेत, बंद मात्र सर्वांत आधी. ऑप्टिकल केबलमधून वीज वाहत नाही, म्हणून संगणकाची घरघर त्या वाटेने येत नाही, हा फायदाच.

व्यापारी बंधूंनो, पन्हा पाहिल्याशिवाय आपण कापडाचा सौदा करीत नाही. येथेही तोच नियम पाळावा. आम्ही तो विसरलो आणि पैसे अडकवून बसलो.