कर्करोग उलटेल का?

जठराच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया नीट पार पडली की घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "पुन्हा तर होणार नाही ना?" प्रश्न जुनाच आहे. १८८१ साली व्हिएन्नात बिलरोथ यांनी जठराचा रोगट भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. पण रोग उलटून ती रुग्ण स्त्री सुमारे चार महिन्यांतच दगावली.

जठराची भिंत अनेक थरांची असते. रोग सर्वांत आतल्या श्लेष्मल थरात किंवा फार तर त्याच्या लगतच्या थरात असेल, स्नायूंपर्यंत पोचला नसेल, तर तो 'प्रारंभिक', अशी व्याख्या जपानी तज्ज्ञांनी १९६२ मध्ये केली. अशा रोगावर शस्त्रक्रिया झालेल्या शंभरांपैकी नव्वदांहून अधिक रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. तरीही काहींचा रोग उलटतो. कोणाचा?

मुख्य धागा लसीकाग्रंथींत सापडतो. रोग पहिल्याच थरात असेल तर तो या ग्रंथींत पोचल्याचे शेकडा दोन-तीन रुग्णांत दिसते. दुसऱ्या थरात उतरला की हेच प्रमाण शेकडा वीसच्या आसपास जाते. म्हणून जठराभोवतालच्या ग्रंथी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. पण किती? समजा, ग्रंथी २० आहेत आणि एकीतच रोग आहे. पाचच तपासल्या तर ती निसटण्याची शक्यता ७५ टक्के, पंधरा तपासल्या तर २५ टक्के. वहीत मांडून पाहा. 'ग्रंथींत रोग नाही' या अहवालाचे वजन किती ग्रंथी पाहिल्या यावर ठरते. निदान पंधरा-सोळा पाहाव्यात असा संकेत आहे.

आता थोडे माझ्या विषयाकडे वळतो. किरणोत्सर्गी आयोडीन-१३१ चे निम्मे अणू आठ दिवसांत विघटित होतात, पण अमुक अणू केव्हा फुटेल हे कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांची टक्केवारीही अशीच समूहाची असते. फरक एवढाच, की अणू सारे एकसारखे, रुग्ण तसे नाहीत. म्हणून रोगाची खोली, ग्रंथी, रक्तवाहिन्यांत शिरलेल्या पेशी यांवरून त्यांचे गट पाडावे लागतात.

आणखी एक भेद आहे. अणू कितीही काळ टिकला तरी उद्या फुटण्याची त्याची शक्यता तेवढीच राहते. रुग्णाचे तसे नसते. रोग न उलटता गेलेल्या प्रत्येक वर्षागणिक धोका साधारणपणे कमी होत जातो. मात्र उरलेल्या जठरात नवा कर्करोगही उद्भवू शकतो, म्हणून दुर्बिणीची तपासणी पुढेही चालू ठेवतात.