भोपाळची गादी आणि ब्राझीलची वकिलात

दुसऱ्या महायुद्धानंतर परराष्ट्रव्यवहाराचे दार स्त्रियांसाठी उघडले खरे. परंतु ते फार सावकाश उघडले. पश्चिम जर्मनीने एलिनोर फॉन पुटकामर या विदुषीची राजदूत म्हणून नेमणूक केली ती १९६९ साली. त्या देशाच्या त्या पहिल्या स्त्री राजदूत होत. याच्या पंधरा वर्षे आधी, १९५४ मध्ये, भोपाळची एक राजकन्या ब्राझीलमध्ये राजदूत म्हणून गेली होती. मात्र ती भारताची नव्हे, पाकिस्तानची प्रतिनिधी होती.

आज ज्याच्या उत्तर अंगाला करोंदची धान्यमंडी गजबजलेली असते, ते भोपाळ मराठी वाचकांस पहिल्या बाजीरावाच्या १७३७ सालच्या लढाईमुळे परिचित आहे. त्याचे दुसरे वैशिष्ट्य असे की, १८१९ ते १९२६ या काळात तेथे चार बेगमांनी राज्य केले. शेवटच्या सुलतान जहाँ बेगम यांनी आपले पुत्र हमीदुल्ला खान यांना गादी दिली आणि नातीला स्वतःच्या देखरेखीखाली वाढविले. ही नात म्हणजे आबिदा सुलतान. त्यांचा जन्म १९१३ चा. नवाबांस पुत्र नसल्याने ज्येष्ठ कन्या म्हणून त्याच गादीच्या वारस ठरल्या. घोडदौड, शिकार आणि राज्यकारभार यांत त्या निष्णात झाल्या. १९४२ साली त्यांनी विमानचालनाचा परवानाही मिळविला.

कुरवाईच्या नवाबांशी झालेला त्यांचा विवाह टिकला नाही. पुत्र शहरयार याच्या ताब्यावरून वाद उद्भवला, तेव्हा त्या रात्री एकट्याच मोटार हाकीत कुरवाईस गेल्या, आपले भरलेले पिस्तूल पतीपुढे टाकले आणि एक तर आपणास ठार करावे, नाही तर मुलाचा हट्ट सोडावा, असे बजावले. हा प्रसंग त्यांनी आत्मचरित्रात नमूद केला आहे. मुलगा त्यांच्याकडेच राहिला.

१९४९ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. पुढच्याच वर्षी, मुलाच्या भवितव्याच्या चिंतेने, आबिदा पाकिस्तानात गेल्या. या एका निर्णयाने वारसा सुटला. १९६० साली हमीदुल्ला खान निवर्तल्यावर भारत सरकारने धाकट्या भगिनी साजिदा सुलतान यांना त्यांच्या वारस म्हणून मान्यता दिली. आबिदांच्या स्थलांतरामुळे नवाबांची इस्टेट 'शत्रू-मालमत्ता' ठरते काय, हा वाद तर एकविसाव्या शतकात न्यायालयापुढे उभा राहिला.

नव्या देशात त्यांना मिळालेले पद जन्माने आलेले नव्हते, तर नेमणुकीने आलेले होते. म्हणूनच ते अल्पकाळाचे ठरले. १९५६ साली त्या ब्राझीलहून परतल्या. परंतु त्यांनी सत्ताधीशांची मर्जी राखली नाही. अयुबखानांच्या लष्करी राजवटीविरुद्ध फातिमा जिना अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभ्या राहिल्या, तेव्हा आबिदा त्यांच्या बाजूने उभ्या ठाकल्या. जिना यांचा १९६५ च्या आरंभी पराभव झाला.

२००२ साली कराचीत आबिदांचे निधन झाले. ज्या मुलासाठी त्यांनी भोपाळ सोडले, तो १९९० मध्ये पाकिस्तानचा परराष्ट्र सचिव झाला होता. गादीच्या बदल्यात त्यांना काय लाभले, याचा हिशेब मांडताना ही गोष्टही जमेच्या बाजूस धरावी लागते. आणि खर्चाच्या बाजूस मात्र सारे भोपाळ मांडावे लागते.