मालवणच्या समुद्रतळीं

आमच्या भोंगवलीस पाणी म्हणजे विहिरीचें, नाहींतर पावसाळ्यांतल्या ओढ्याचें. पोहणें मी विहिरींतच शिकलों आणि तेवढें कोठेंही पुरेल, असा माझा साठ वर्षें ग्रह होता. गेल्या माघांत चिरंजीव, सून, नात व आम्ही उभयतां फोंडा घाट उतरून मालवणास गेलों, तेथें तो ग्रह फिटला.

मालवणसमोरील कुरटे बेटावर शिवछत्रपतींनीं १६६४ सालीं सिंधुदुर्गाचें काम आरंभिलें, हें मी मुलांकडून शेंकडों वेळां घोकून घेतलें असेल. पण त्याच तटाच्या पायथ्याशीं, पुरुष-दोन पुरुष पाण्याखालीं, पोवळ्यांची जिवंत वसाहत आहे, हें त्यांना कधीं सांगितलें नाहीं. कारण मलाच तें ठाऊक नव्हतें. हा भाग १९८७ सालीं सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. त्याचा विस्तार सुमारें २९ चौरस किलोमीटर आहे. कोळी बांधवांना पोटापाण्याच्या भीतीनें तो निर्णय रुचला नाहीं, व त्यांची भीति अगदींच निराधार होती, असें मला म्हणवत नाहीं.

आमच्या मंडळींच्या बोटांत मंगळाच्या पोवळ्याची अंगठी आहे. "तांबडीं पोवळीं दिसतील ना हो?" असें त्यांनीं होडींतच विचारलें. अंगठींतलें तांबडें पोवळें मुख्यतः भूमध्य समुद्रांतून येतें. मालवणचें पोवळें मातकट, हिरवट, धोंड्यासारखें असून सोनाराच्या उपयोगाचें नाहीं. अमरकोशांत त्यास 'विद्रुम' व 'प्रवाल' अशीं नांवें आहेत. एकांत वृक्ष आहे, दुसऱ्याचा अर्थ कोंवळी पालवीही होतो. म्हणजे पूर्वसूरींनीं त्यास झाड मानिलें असावें. युरोपांतही अठराव्या शतकापर्यंत विद्वानांचा बहुधा तोच समज होता. वस्तुतः हे बारीक प्राणी असून आपल्याभोंवतीं चुन्याचें घर बांधितात, व त्यांच्या देहांत राहणारें सूक्ष्म शेवाळ उन्हाच्या बळावर त्यांना अन्न पुरवितें. समुद्र फार तापला कीं हें शेवाळ सुटून जातें, पोवळें पांढरें पडतें व उपासमारीनें मरूं लागतें. २०२४ च्या एप्रिलांत शास्त्रज्ञांनीं असें पांढरेपण जगभर पसरल्याचें जाहीर केलें. अशी ती चौथी वेळ.

आतां माझी फजिती सांगतों. डोळे व नाक झांकणारी कांच लावावयाची, तोंडांत नळी धरावयाची आणि पालथें तरंगत खालीं पाहावयाचें, एवढेंच हें स्नॉर्कलिंग. नातीनें तें क्षणांत साधलें. मीही प्रथम स्वस्थ होतों. पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचे मासे हाताशीं येऊन जात होते, आणि पाण्याखालीं माझ्याच श्वासाखेरीज दुसरा शब्द नव्हता. इतक्यांत नळींत पाणी शिरलें. जन्मभर प्राणायाम करणारा हा गृहस्थ नाकानेंच श्वास ओढूं गेला, घाबरला, आणि उथळ जागीं चक्क उभा राहिला. पायाखालीं कांहींतरी कट्‌कन मोडलें.

"आजोबा, पाय टेकूं नकात! जिवंत आसत ती!" नावाडी होडींतून ओरडला.

तीं गोल पोवळीं वर्षाला जेमतेम सेंटिमीटरभर वाढतात. मीं मोडलेला तुकडा तळहाताएवढा होता. नातीनें तो उचलून माझ्यासमोर धरला, व घरीं नेऊं का म्हणून विचारलें. २००१ पासून कायद्यानें पोवळ्यांना वाघाच्या बरोबरीचें संरक्षण आहे. तो नेणें गुन्हा आहे, हें मी तिला शिक्षकाच्या आवाजांत सांगितलें खरें. पण तो आवाज नेहमींसारखा निघाला नाहीं. तिनें तो पुन्हा तळाशीं सोडला.

शेजारच्या होडींतील मंडळी मासे जमावेत म्हणून पाव चुरून टाकीत होती. असा पाव खाणारा मासा शेवाळ खाणें सोडतो व तें शेवाळ पोवळ्यावर माजतें. एरवीं मीं तेथेंच त्यांना चार शब्द सुनावले असते. त्या दिवशीं तोंड उघडवेना.

कोणास जाणें झाल्यास कार्तिक ते माघ या दिवसांत जावें, पाणी तेव्हां निवळ असतें. नळीचा अभ्यास आधीं किनाऱ्यालगत वाळूवर उभें राहून करावा, आणि वृद्धांनीं तरंगतें जाकीट घालण्यांत लाज मानूं नये. मी मानिली होती.

गांवीं परतल्यावर शेजाऱ्यांनीं विचारलें, "गुरुजी, पोवळें आणलेंत कीं नाहीं?" मीं पायाचा अंगठा दाखविला. तो ओरखडा भरावयास तीन आठवडे लागले.